शोध प्रयोगशाळेत, कसोटी समाजात : चेन्नईतील संशोधनाचा अन्वयार्थ

चेन्नई परिसरातील वैज्ञानिक संशोधनाचा विषय निघाला की कल्पाक्कमच्या अणुभट्ट्यांचे नाव प्रथम पुढे येते. परंतु या महानगरात आणि त्याच्या आसपास गेल्या सात दशकांत वरवर परस्परांशी संबंध नसलेल्या तीन क्षेत्रांतील काम वाढत आले आहे. किरणोत्सर्गाचा शोध घेणे, वायूंच्या मिश्रणातून हवा तो वायू वेगळा करणे आणि रोगकारक जिवाणूंच्या जनुकांचा अभ्यास करणे, ही ती क्षेत्रे होत. या तिन्ही ठिकाणी शास्त्रज्ञांपुढील मूळ प्रश्न मात्र एकाच स्वरूपाचा आहे. प्रचंड पसाऱ्यात दडलेला अत्यल्प अंश नेमका कसा ओळखायचा आणि कसा वेगळा करायचा, हा तो प्रश्न होय.

हा प्रश्न केवळ अभ्यासकांच्या कुतूहलाचा नाही. भंगारात आलेल्या एखाद्या वस्तूतून किरणोत्सर्ग होत आहे की नाही, रुग्णालयातील नळीतून येणारा प्राणवायू पुरेसा शुद्ध आहे की नाही आणि क्षयरुग्णाला दिलेले औषध त्याच्या शरीरातील जिवाणूवर चालणार आहे की नाही, याची उत्तरे याच संशोधनावर अवलंबून असतात. कोविड महासाथीचा अनुभव, क्षयरोग निर्मूलनाची हुकलेली मुदत आणि अणुऊर्जा क्षेत्र खासगी कंपन्यांना खुले करण्याचा निर्णय या पार्श्वभूमीवर या संशोधनाचे मूल्यमापन करणे आवश्यक ठरते.

कल्पाक्कमची निगराणी

चेन्नईच्या दक्षिणेस सुमारे ७० किलोमीटरवर असलेल्या कल्पाक्कम येथे १९७१ मध्ये अणुभट्टी संशोधन केंद्र स्थापन झाले. १९८५ मध्ये त्याला इंदिरा गांधी यांचे नाव देण्यात आले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तेथील प्रायोगिक शीघ्र प्रजनक अणुभट्टी कार्यान्वित झाली. युरेनियम व प्लुटोनियम यांच्या मिश्र कार्बाइडचे इंधन आणि उष्णता वाहून नेण्यासाठी द्रवरूप सोडियम ही तिची वैशिष्ट्ये होत. याच अनुभवाच्या आधारे ५०० मेगावॉट क्षमतेच्या आदिरूप शीघ्र प्रजनक अणुभट्टीची उभारणी २००४ मध्ये सुरू झाली आणि ४ मार्च २०२४ रोजी पंतप्रधानांच्या उपस्थितीत तिचा गाभा भरण्याच्या कामास प्रारंभ झाला. या दोन तारखांमधील वीस वर्षांचे अंतर हे तंत्रज्ञान किती कठीण आहे, याची कल्पना देण्यास पुरेसे आहे.

अशा भट्टीत इंधनाच्या बारीक नळीला सूक्ष्म तडा गेला, तर ते बाहेरून कळणे अशक्य असते. सोडियम पारदर्शक नसल्याने आत डोकावून पाहण्याची सोय नाही. म्हणून दोन मार्गांनी निगराणी ठेवली जाते. सोडियमच्या पृष्ठभागावर आर्गॉन या निष्क्रिय वायूचे आवरण असते. नळीला तडा गेल्यास विखंडनातून निर्माण झालेले क्रिप्टॉन आणि झेनॉन हे वायू या आवरणात मिसळतात व त्यांच्या किरणोत्सर्गावरून बिघाडाची पहिली सूचना मिळते. दुसऱ्या मार्गात, सोडियमबरोबर वाहत आलेल्या काही विखंडन द्रव्यांतून उशिरा बाहेर पडणारे न्यूट्रॉन मोजले जातात. पहिल्या मार्गात वायूंची ओळख आणि किरणोत्सर्गाचे मापन ही दोन शास्त्रे एकत्र येतात.

याच तत्त्वाचा व्यापक उपयोग जागतिक स्तरावर होतो. हवेच्या एक अब्ज भागांत झेनॉनचे प्रमाण जेमतेम ८७ भाग इतके असते. तो सक्रिय कोळशाच्या साहाय्याने हवेतून वेगळा करून त्यातील झेनॉन-१३३ या समस्थानिकाचे मापन केले असता, दूर कोठे तरी झालेल्या अणुस्फोटाचा किंवा अपघाताचा सुगावा लागतो. या समस्थानिकाचे अर्धायुष्य सुमारे सव्वापाच दिवसांचे असल्याने हे काम वेगाने करावे लागते. २०११ मधील फुकुशिमा दुर्घटनेनंतर जपानपासून हजारो किलोमीटरवरील केंद्रांनी या वायूची नोंद केली होती.

किरणोत्सर्ग मोजणाऱ्या उपकरणांचा मर्मभाग म्हणजे त्यातील संवेदक पदार्थ. गायगर-म्युलर नळी १९२८ पासून ज्ञात आहे. किरण पडताच चमकणाऱ्या सोडियम आयोडाइडच्या स्फटिकाचा वापर १९४८ मध्ये सुरू झाला. न्यूट्रॉन मोजण्यासाठी हेलियम-३ हा वायू उत्तम समजला जातो. परंतु तो ट्रिटियमच्या क्षयातून मिळत असल्याने त्याचा पुरवठा मर्यादित आहे. अमेरिकेने २००१ च्या हल्ल्यानंतर सीमांवर तपासणी कमानी उभारण्यास सुरुवात केल्यावर मागणी वाढली आणि २००९ च्या सुमारास या वायूची टंचाई जगभर जाणवली. तेव्हापासून बोरॉन-१० किंवा लिथियम-६ यांवर आधारित पर्यायांना महत्त्व आले. संवेदकांसाठी लागणारे निर्दोष स्फटिक वाढवणे हे स्वतंत्र शास्त्र असून, अण्णा विद्यापीठात १९८२ पासून कार्यरत असलेल्या स्फटिकवृद्धी केंद्राने या क्षेत्रात संशोधकांच्या पिढ्या घडवल्या आहेत.

भंगाराच्या गोदामातील धडा

उपकरणे प्रगत असली तरी ती योग्य ठिकाणी नसतील तर काय होते, हे दिल्लीतील मायापुरी येथे एप्रिल २०१० मध्ये दिसून आले. एका विद्यापीठाने वर्षानुवर्षे वापरात नसलेले कोबाल्ट-६० चे उपकरण लिलावात विकले. भंगार बाजारात ते फोडले गेले. त्यात एका कामगाराचा मृत्यू झाला आणि अनेकांना गंभीर इजा झाली. आजाराचे कारण किरणोत्सर्ग असल्याचे उघड होईपर्यंत कित्येक दिवस उलटले होते. त्यापूर्वी २००८ मध्ये भारतातून फ्रान्सला गेलेल्या उद्वाहनाच्या बटणांत कोबाल्ट-६० आढळले होते. दूषित भंगार वितळवून त्यापासून पोलाद तयार झाले होते आणि त्याचा माग महाराष्ट्रातील एका ओतशाळेपर्यंत पोहोचला होता.

नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१२ मध्ये संसदेला सादर केलेल्या अहवालात अणुऊर्जा नियामक मंडळाच्या कारभारातील उणिवांवर बोट ठेवले होते. देशातील सुमारे ९१ टक्के वैद्यकीय क्ष-किरण यंत्रे मंडळाच्या नोंदणीबाहेर असल्याचे त्यात म्हटले होते. त्यानंतर परवान्यांची ऑनलाइन व्यवस्था सुरू झाली आणि नोंदणीचा विस्तार झाला. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या शांती विधेयकाने अणुऊर्जा क्षेत्रात खासगी कंपन्यांना वाट मोकळी करून दिली, तसेच नियामक मंडळाला वैधानिक दर्जा देण्याची तरतूद केली.

या तरतुदीचे स्वागत करतानाच एक बाब लक्षात घेतली पाहिजे. कल्पाक्कम असो की तारापूर, आजवर अणुभट्टी चालवणारी आणि तिच्यावर देखरेख करणारी तज्ज्ञ मंडळी बहुतांशी एकाच सरकारी कुटुंबातील होती. चालक अनेक झाले, की मापनाची स्वतंत्र क्षमता नियामकाकडे असणे अपरिहार्य ठरेल. कल्पाक्कमच्या किनाऱ्यावरील वाळूत मोनाझाइट हे खनिज असल्याने काही जागी नैसर्गिक किरणोत्सर्गही जास्त आहे. अशा ठिकाणी निसर्गाचा वाटा किती आणि प्रकल्पाचा किती, हे दीर्घकाळच्या विश्वासार्ह नोंदींवरूनच सांगता येते. त्या नोंदी जनतेला सहज उपलब्ध असतील, तर अफवांना आपोआप पायबंद बसेल. जैतापूरसारख्या प्रस्तावित प्रकल्पाच्या परिसरातील नागरिकांसाठीही हा मुद्दा तितकाच महत्त्वाचा आहे.

हवेतून प्राणवायू

वायुविभाजन ही संज्ञा २०२१ पूर्वी सर्वसामान्यांच्या बोलण्यात नव्हती. त्या वर्षीच्या एप्रिल-मे महिन्यांत मात्र ती घराघरांत पोहोचली. कोविडच्या पहिल्या लाटेत देशाला दररोज कमाल सुमारे ३,१०० टन वैद्यकीय प्राणवायू लागला होता. दुसऱ्या लाटेत ही गरज ९,००० टनांच्या आसपास गेली. २१ एप्रिल रोजी नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीतून प्राणवायूची गळती होऊन पुरवठा खंडित झाला आणि वीसपेक्षा अधिक रुग्णांना प्राण गमवावे लागले. तामिळनाडूत, २०१८ पासून बंद असलेल्या तुतुकुडीच्या स्टरलाइट तांबे प्रकल्पातील प्राणवायू संयंत्र चालवण्याची परवानगी सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल रोजी दिली. प्रदूषणाच्या आरोपांवरून आणि आंदोलकांवरील गोळीबारावरून वादग्रस्त ठरलेल्या प्रकल्पाकडे वळावे लागणे, हीच परिस्थितीच्या गांभीर्याची साक्ष होती.

हवेत सुमारे ७८ टक्के नत्रवायू, २१ टक्के प्राणवायू आणि एक टक्क्याहून किंचित कमी आर्गॉन असतो. त्यांना वेगळे करण्याचे दोन प्रमुख मार्ग आहेत. मोठ्या कारखान्यांत हवा अतिथंड करून द्रवरूप केली जाते. प्राणवायू उणे १८३ अंश सेल्सियसला, तर नत्रवायू उणे १९६ अंशांना उकळतो. या फरकाचा लाभ घेऊन त्यांचे ऊर्ध्वपातन होते. दुसऱ्या मार्गात हवा दाबाखाली झिओलाइट या सच्छिद्र खनिजाच्या थरातून सोडतात. झिओलाइट नत्रवायूला धरून ठेवते व सुमारे ९३ टक्के शुद्धतेचा प्राणवायू पुढे जातो. दाब कमी केला की नत्रवायू सुटतो आणि थर पुन्हा वापरण्यास सिद्ध होतो. रुग्णालयांच्या आवारात उभारलेली ‘पीएसए’ संयंत्रे याच तत्त्वावर चालतात.

त्या संकटाच्या दिवसांत मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्राध्यापक मिलिंद अत्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक व्यवहार्य तोडगा दाखवून दिला. उद्योगांत नत्रवायू तयार करणारी अनेक संयंत्रे होती. त्यांतील कार्बनची चाळणी काढून तेथे झिओलाइट भरले असता, तेच संयंत्र ९३ ते ९६ टक्के शुद्धतेचा प्राणवायू देऊ लागले. संरक्षण संशोधन संघटनेने तेजस विमानाच्या वैमानिकासाठी विकसित केलेले प्राणवायूचे तंत्रज्ञानही रुग्णालयांच्या उपयोगी पडले. ते ज्या कंपन्यांना हस्तांतरित झाले, त्यांत तामिळनाडूतील कोइमतूरची एक कंपनी होती. पीएम केअर्स निधीतून देशभर बाराशेहून अधिक संयंत्रे मंजूर झाली आणि ऑक्टोबर २०२१ पर्यंत त्यांतील बहुतेक उभी राहिली.

आता प्रश्न आहे तो त्यांच्या देखभालीचा. झिओलाइट हा आर्द्रतेला अत्यंत संवेदनशील पदार्थ आहे. दाबयंत्रातून तेल किंवा बाष्प पुढे गेले, तर थराची क्षमता घटते आणि वायूची शुद्धता खाली येते. संयंत्र दीर्घकाळ बंद राहिले, तरी हा धोका वाढतो. चेन्नई किंवा कोकणासारख्या दमट किनारी प्रदेशात तर ही काळजी अधिकच घ्यावी लागते. विजेचा खर्च, शुद्धता मोजणाऱ्या उपकरणाची नियमित तपासणी आणि प्रशिक्षित तंत्रज्ञाचे वेतन या तिन्हींची तरतूद जिल्हा रुग्णालयाच्या वार्षिक अंदाजपत्रकात कायमस्वरूपी असली पाहिजे. संयंत्राचे उद्घाटन एकदा होते, त्याची गरज मात्र कोणत्या रात्री भासेल हे सांगता येत नाही.

क्षयरोगाच्या जनुकांचा मागोवा

चेन्नईच्या वैज्ञानिक इतिहासातील सर्वांत मानवीय अध्याय क्षयरोग संशोधनाचा आहे. १९५६ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, तत्कालीन मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांच्या सहकार्याने तेथे क्षयरोग रसायनोपचार केंद्र सुरू झाले. क्षयरुग्णाला आरोग्यधामात ठेवलेच पाहिजे, अशी त्या काळची समजूत होती. केंद्राने सुमारे दोनशे गरीब रुग्णांची विभागणी करून काहींवर आरोग्यधामात आणि काहींवर त्यांच्या दाटीवाटीच्या घरांत एकाच औषधांचे उपचार केले. घरी राहिलेल्यांचे बरे होण्याचे प्रमाण आरोग्यधामातील रुग्णांच्या जवळपास होते आणि त्यांच्या कुटुंबीयांना संसर्गाचा धोकाही अधिक नव्हता. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांनी जगभरातील उपचारपद्धती बदलली. याच संस्थेने पुढे चेंगलपट्टू परिसरात बीसीजी लसीची विशाल चाचणी केली आणि प्रौढांच्या फुप्फुसाच्या क्षयापासून ही लस संरक्षण देत नसल्याचा अप्रिय निष्कर्षही निःसंकोचपणे मांडला. २०११ पासून ती राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मुख्य शास्त्रज्ञ झालेल्या डॉ. सौम्या स्वामिनाथन या तिच्या माजी संचालक होत.

१९९८ मध्ये क्षयाच्या जिवाणूचा संपूर्ण जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला. सुमारे ४४ लाख अक्षरांच्या आणि जवळपास ४,००० जनुकांच्या या आराखड्यात औषधविरोधाची कारणे शोधता येऊ लागली. रिफॅम्पिसिनला दाद न देणाऱ्या बहुतेक जिवाणूंमध्ये ‘आरपीओबी’ या जनुकाच्या अवघ्या ८१ अक्षरांच्या टप्प्यात बदल झालेला असतो. हा बदल ओळखणारी चाचणी दोन तासांत उत्तर देते. जिवाणू वाढवून पाहण्याच्या जुन्या पद्धतीला आठवडे लागत. गोव्यात तयार होणाऱ्या ‘ट्रूनॅट’ या बॅटरीवर चालणाऱ्या यंत्राला २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली आणि ही तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत नेणे शक्य झाले.

तथापि या चाचण्यांना मर्यादा आहेत. केवळ रिफॅम्पिसिनची तपासणी केली, तर आयसोनियाझिडला विरोध करणारा जिवाणू निसटू शकतो. मृत जिवाणूंचे जनुकीय अवशेषही चाचणीत सापडत असल्याने, रुग्ण बरा होत आहे का, हे तिच्यावरून ठरवता येत नाही. म्हणूनच संपूर्ण जनुकक्रम वाचण्याच्या पद्धतीला महत्त्व आले आहे. तिच्यामुळे अनेक औषधांविषयीची माहिती एकत्र मिळते आणि संसर्ग कोणाकडून कोणाकडे गेला, याचाही अंदाज येतो. दक्षिण भारतात आढळणारा जिवाणूचा प्राचीन वंश उत्तरेतील वंशाहून भिन्न आहे, ही माहिती याच अभ्यासातून मिळाली. मुंबईत २०१२ च्या आरंभी हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी सर्व उपलब्ध औषधांना विरोध करणाऱ्या क्षयाचे चार रुग्ण नोंदवले, तेव्हा देशभर खळबळ उडाली होती. त्या वेळी असे निदान मोजक्या प्रयोगशाळांतच होऊ शकत होते.

निदान वेगवान झाले, परंतु रोग त्या वेगाने हटलेला नाही. २०२५ पर्यंत क्षयरोगाचे निर्मूलन करण्याचे उद्दिष्ट सरकारने २०१८ मध्ये जाहीर केले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार दर लाख लोकसंख्येमागे नव्या रुग्णांचे प्रमाण २०१५ मधील २३७ वरून २०२४ मध्ये १८७ वर आले. ही सुमारे २१ टक्क्यांची घट जागतिक सरासरीहून चांगली आहे. तरीही जगातील एक चतुर्थांश क्षयरुग्ण अद्याप भारतात आहेत. मार्च २०२४ मध्ये नेहमीच्या क्षयरोग औषधांचा तुटवडा निर्माण झाल्याने केंद्राला राज्यांना स्थानिक पातळीवर खरेदी करण्यास सांगावे लागले होते. जिवाणूचा विरोध दोन तासांत ओळखायचा आणि औषधासाठी मात्र रुग्णाला हेलपाटे घालायला लावायचे, ही विसंगती गंभीर आहे. कारण खंडित उपचार हेच औषधविरोधाचे एक प्रमुख कारण असते.

चेन्नईच्याच संस्थेने या संदर्भात आणखी एक दिशा दाखवली आहे. तिच्या सहभागाने झारखंडमध्ये झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्णाच्या कुटुंबाला पुरेसा शिधा दिल्यास त्या घरातील नव्या क्षयरुग्णांचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी घटते, असे त्यात आढळले. तामिळनाडूने २०२२ मध्ये चेन्नईतील राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेच्या मदतीने क्षयमृत्यू रोखण्याची योजना सुरू केली. रुग्णाचे वजन, श्वासाची गती, रक्तातील प्राणवायूचे प्रमाण, पायावरील सूज आणि आधाराशिवाय उभे राहण्याची क्षमता यांवरून गंभीर रुग्ण निवडून त्यांना तातडीने दाखल केले जाते. यासाठी जनुकक्रम वाचणारे महागडे यंत्र लागत नाही. प्रशिक्षित परिचारिका आणि रिकामी खाट मात्र लागते.

तीन प्रवाहांचा संगम

ही तिन्ही क्षेत्रे एकमेकांना कोठे भेटतात, याचे एक उल्लेखनीय उदाहरण मुंबईतील भाभा अणुसंशोधन केंद्राचे आहे. मनुष्याला प्राणघातक ठरणाऱ्या मात्रेच्या शेकडो पट किरणोत्सर्ग सहन करणारा एक जिवाणू १९५६ मध्ये अमेरिकेत सापडला होता. भाभा केंद्रातील श्रीकुमार आपटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात दुसऱ्या जिवाणूचे एक जनुक घालून, विरल द्रावणातील युरेनियमचा साका तयार करून दाखवला. हे संशोधन २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. मद्रासच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी अमेरिकी सहकाऱ्यांसह आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात सापडलेल्या, अनेक औषधांना विरोध करणाऱ्या जिवाणूच्या १३ प्रकारांचा अभ्यास २०२४ मध्ये मांडला. बंदिस्त आणि किरणोत्सर्गयुक्त वातावरणात जिवाणू कसे बदलतात, हे जाणण्याचा उपयोग उद्या पृथ्वीवरील अतिदक्षता विभागांनाही होऊ शकतो.

या सर्व तपशिलांतून एक गोष्ट स्पष्ट होते. भारतात मूलभूत ज्ञानाची आणि कल्पकतेची उणीव नाही. मायापुरीत किरणोत्सर्ग मोजण्याचे तंत्र ठाऊक होते, परंतु लिलाव करणाऱ्यांपाशी ते पोहोचले नव्हते. नाशिकमध्ये टाकीत प्राणवायू होता, परंतु तो रुग्णांपर्यंत सुरक्षित नेणारी यंत्रणा डळमळली. क्षयाच्या बाबतीत निदानाची साधने गावापर्यंत आली, पण औषधांच्या साखळीत खंड पडला. तिन्ही प्रसंगांत त्रुटी प्रयोगशाळेच्या दाराबाहेर होती.

त्यामुळे धोरणकर्त्यांनी संशोधनासाठी निधी देताना देखभाल, उपकरणांचे प्रमाणीकरण आणि तंत्रज्ञांचे प्रशिक्षण हा त्याच खर्चाचा अविभाज्य भाग मानला पाहिजे. नियामक संस्थांनी किरणोत्सर्गाच्या आणि औषधविरोधाच्या नोंदी नियमितपणे व समजण्याजोग्या भाषेत प्रसिद्ध केल्या पाहिजेत. मद्रासमध्ये १९५९ साली जे सिद्ध झाले, त्याचे सामर्थ्य रुग्णाच्या घरापर्यंत उपचार नेण्यात होते. त्यासाठी केंद्राचे कर्मचारी अरुंद गल्ल्यांतून रुग्णांच्या घरी जात होते आणि त्याने गोळ्या घेतल्या की नाही, हे तपासत होते. नव्या उपकरणांच्या आणि नव्या कायद्यांच्या काळातही हे काम टाळता येणार नाही. उलट चालक, कंपन्या आणि यंत्रे जितकी वाढतील, तितकी त्याची गरज वाढत जाणार आहे.